दीड मिलिमीटर

भट्टीचं तापमान 90 अंशांवर आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम मी बरीच भांडी तडकवून शिकले आहे. त्या सकाळीही मी आकडा खाली येण्याची वाट पाहत बसले होते. आत शेवटच्या 48 टाइला होत्या. एका वाचनालयाच्या जिन्याजवळच्या भिंतीसाठी 12 आडव्या ओळी आणि 12 उभ्या रांगा अशा 144 टाइलांचं काम मी घेतलं होतं. दोन भाजण्या आधीच झाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी टाइला बसवणारे कारागीर येणार होते.

नक्षी साधी दिसणारी, पण रचनेला अवघड अशी होती. प्रत्येक टाइलच्या चारही कडांवर, कडेच्या एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश अंतरावर, एकेक बिंदू होता आणि हे आठ बिंदू कोबाल्टच्या चार निळ्या रेषांनी एकमेकांना जोडलेले होते. दोन्ही बिंदू कडेच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे टाइल कशीही फिरवली तरी तिच्या रेषा शेजारणीच्या रेषांना मिळतात आणि एकाच नमुन्यातून भिंतभर न संपणारी वेलांटी तयार होते. ही कल्पना माझी नाही. फ्रान्समध्ये ऑर्लेआँच्या कालव्याच्या कामावर गेलेल्या सेबास्तियाँ त्रुशे या धर्मगुरूंना एका चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, जमिनीसाठी आणलेल्या, कर्णावर दोन रंगांत विभागलेल्या टाइला दिसल्या. त्या किती प्रकारे जुळवता येतील याचा हिशेब त्यांनी 1704 मध्ये मांडला. पुढे 1987 मध्ये धातुशास्त्रज्ञ सिरिल स्टॅनली स्मिथ यांनी कर्णाऐवजी वर्तुळाचे कंस घेतले. माझी टाइल याच कुळातली.

झाकण उघडलं तेव्हा मी खूश झाले. झिलई म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. कच्च्या पांढऱ्या झिलईवर काढलेली रेष पुसता येत नाही, कारण भाजण्याआधी ती नुसती पावडर असते आणि कुंचल्यातलं पाणी क्षणात पिऊन टाकते. त्यामुळे एकही टाइल वाया न जाणं हे मी आयत्या वेळचं सुदैवच समजते. 48च्या 48 टाइला चांगल्या निघाल्या होत्या. एकीवरही टाचणीएवढं छिद्र नव्हतं की केसासारखी भेग नव्हती.

दुपारी मी जमिनीवर सगळी भिंत कोरडीच मांडायला घेतली. दोन टाइलांमध्ये 3 मिलिमीटरची प्लास्टिकची फुली, डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ. चौथ्या ओळीपर्यंत मला काहीच जाणवलं नाही. पाचवी ओळ संपली तेव्हा तिची शेवटची टाइल वरच्या टाइलच्या बरीच अलीकडे थांबली होती आणि उजव्या बाजूच्या निळ्या रेषा एकमेकींना मिळायच्या सोडून पायऱ्यांसारख्या तुटत होत्या. मोजपट्टी लावली तर वरची ओळ 1833 मिलिमीटर भरली आणि ही 1815. बारीक माप घेणाऱ्या व्हर्नियरने एकेक टाइल मोजली, तेव्हा कळलं की काही टाइला 150 मिलिमीटरच्या आहेत आणि काही 148.5 मिलिमीटरच्या.

कारण भट्टीतच होतं. ओल्या मातीची टाइल मी 170 मिलिमीटरची कापते आणि वाळण्यात व भाजण्यात मिळून ती साधारण बारा टक्के आकसते. पण माती जितकी जास्त तापेल तितकी ती जास्त घट्ट होते आणि जास्त आकसते. भट्टी तापवणारी खालची कॉइल जुनी होऊन थकली होती. तापमान मोजणारं थर्मोकपल मधल्या उंचीवर असल्यामुळे पडद्यावर 1220 अंश दिसत होते, तेव्हा वरच्या खणात त्याहून जास्त उष्णता होती आणि खालच्या खणात कमी. प्रत्येक खणात ठेवलेले, ठरावीक उष्णतेला वाकणारे शंकू हेच सांगत होते. वरचा शंकू पार लोळला होता आणि खालच्याने नुसती मान झुकवली होती. मी ते उचलून खोक्यात टाकले होते. झिलई चांगली आली की शंकूंकडे पाहायचं राहून जातं, हा माझा जुना दोष.

संध्याकाळपर्यंत मी मोठ्या आणि लहान टाइलांच्या वेगळ्या ओळी लावून पाहिल्या, मग लहान टाइला सगळ्या कडेला ढकलून पाहिल्या. पहिल्या खटपटीत रेषा तुटत होत्या. दुसरीत रेषांचं थोडंफार जमलं, पण वरच्या खणातल्या टाइलांवर कोबाल्ट किंचित पसरून मऊ झालेला असल्यामुळे भिंतीच्या कडा धुरकट दिसू लागल्या. नक्षीतली अशी एकगठ्ठा विषमता डोळा लगेच पकडतो.

दुसऱ्या दिवशी कारागीर आले, त्यांनी जमिनीवरचा पसारा पाहिला आणि ओळ सरळ राहावी म्हणून बांधायच्या दोरीविषयी विचारलं, "ताई, दोरी कडेला धरू की मध्याला?"

मी गप्प झाले, कारण आदल्या दिवसभर हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी मागच्या टाइलची कड धरून पुढची टाइल लावत होते आणि त्यामुळे प्रत्येक टाइलचा फरक पुढच्या टाइलवर चढत जात होता. मी कागदावर हिशेब केला. मोठी आणि लहान टाइल वरखाली ठेवून दोघींचे मध्य जुळवले, तर दीड मिलिमीटरचा फरक दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण मिलिमीटर असा वाटला जातो. माझ्या रेषा मात्र टोकाला नाहीत, मध्यापासून 25 मिलिमीटरवर आहेत. लहान टाइलवर 24.75वर. म्हणजे रेष फक्त पाव मिलिमीटरने चुकते, आणि तो फरक पुढच्या टाइलवर चढतही नाही. चार मिलिमीटर जाडीच्या निळ्या रेषेत पाव मिलिमीटर कोण शोधणार?

किंमत सांध्यांनी मोजायची होती. मध्यापासून मध्यापर्यंत 153 मिलिमीटर कायम ठेवले, तर सांधा कुठे तीन, कुठे पावणेचार, कुठे साडेचार मिलिमीटरचा होणार. कारागिरांना ते पटेना. त्यांच्या दृष्टीने सरळ आणि सारखा सांधा म्हणजेच नीट काम, आणि साध्या फरशीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. आम्ही नऊ टाइला दोन्ही पद्धतींनी मांडल्या आणि दहा पावलं मागे जाऊन पाहिल्या. डोळा निळ्या रेषेमागून धावतो आणि तीन मिलिमीटरची फट असो की साडेचारची, ती ओलांडून पलीकडची रेष पकडतो. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "सांध्यात भरायचं ग्राउट झिलईच्या रंगाचं घ्या, मग चालेल."

आम्ही लहान-मोठ्या टाइला मुद्दाम एकमेकींत मिसळल्या, म्हणजे मऊ आणि धारदार रेषाही भिंतभर विखुरल्या गेल्या. दोऱ्या सांध्यांवरून न बांधता टाइलांच्या मध्यावरून बांधल्या. काम मात्र वेळखाऊ झालं, कारण प्रत्येक टाइलच्या चार कडांचा मध्य मला पेन्सिलीने काढून द्यावा लागत होता आणि गुळगुळीत झिलईवर पेन्सिल उमटत नाही म्हणून खुणा बाजूच्या उघड्या मातीवर करायच्या होत्या. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं.

आता कच्ची टाइल कापल्याबरोबर, ती वाळायला फळ्यांमध्ये ठेवण्याआधीच, मी तिच्या चारही बाजूंच्या मध्यावर सुईने खूण करते. आणि शंकू खोक्यात टाकण्यापूर्वी खणांच्या क्रमाने खिडकीत मांडून ठेवते.