साइडवाइंडर ‘नऊ-बी’ला नेमकं काय दिसायचं?

सुरुवातीची उष्णतावेधी क्षेपणास्त्रं बेभरवशाची होती, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकन नौदलाच्या चायना लेक केंद्रात विल्यम मॅक्लीन यांच्या गटाने घडवलेलं साइडवाइंडर १९५६ मध्ये सेवेत आलं. उंचावरून सरळ रेषेत जाणारं बॉम्बफेकी विमान मागून गाठायचं, या हिशेबाने ते बनवलं होतं. गिरक्या घेणाऱ्या लढाऊ विमानांच्या झटापटीत उतरवल्यावर त्याचं पितळ उघडं पडलं.

एआयएम-९बी ही साइडवाइंडरची सुरुवातीची आवृत्ती. तिच्या नाकात उष्णता टिपणारा लेड सल्फाइडचा डिटेक्टर असे, थंड न केलेला. त्याला साधारण दोन-अडीच मायक्रॉन लांबीपर्यंतच्याच उष्णतालहरी नीट कळायच्या. त्या पट्ट्यात ठळक दिसतो तो जेट इंजिनच्या मागच्या नळीचा तापलेला धातू. बाहेर पडणारा वायू त्यामानाने अंधूक, आणि समोरून येणारं विमान जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मारा फक्त शेपटीमागून.

डिटेक्टरपुढे रेटिकल नावाची चकती सतत फिरत असे. तिच्या अर्ध्या भागात एकाआड एक काळ्या आणि पारदर्शक फाका, उरलेला अर्धा भाग सरसकट धुरकट. ठिपक्याएवढी गरम नळी फाकांमधून लुकलुकते आणि स्पंद मिळतात. ढगासारखं पसरट काही एकाच वेळी अनेक फाका व्यापतं, मग सिग्नल सपाट होतो. लक्ष्य कोणत्या बाजूला आहे, हे स्पंद फेरीत केव्हा येतात त्यावरून ठरायचं. कल्पना झकासच, पण उन्हात उजळलेली ढगाची कड, पाण्यावरची चकाकी आणि खुद्द सूर्य यांना ती भुलायचीच.

शोधकाची, म्हणजे नाकातल्या या सगळ्या यंत्रणेची, नजर जेमतेम चार अंशांची. म्हणजे वैमानिकाने विमानाचं नाकच लक्ष्यावर धरायचं, मग कानात गुरगुर सुरू व्हायची. काहीतरी तापलेलं दिसतंय, एवढंच त्या आवाजाचं म्हणणं. लक्ष्य टप्प्यात आहे का, हे तो सांगत नसे. नाक जरा बाजूला वळवूनही गुरगुर तशीच राहिली, तर ती विमानाची नव्हे, मागच्या आभाळाची. सुमारे ९०० मीटरच्या आत डागलं, तर वळून दिशा सुधारायला वेळच उरत नसे. लांबचा टप्पा उंचावर चारेक किलोमीटर, पण समुद्रसपाटीजवळच्या दाट हवेत निम्म्याहूनही कमी. शिवाय डागताना स्वतःचं विमान दोन जीपेक्षा (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोरापेक्षा) जास्त वळणात नको, आणि शोधक सेकंदाला अकराएक अंशांहून वेगाने फिरू शकत नसे. शत्रूने वेळेत जोराचं वळण घेतलं की क्षेपणास्त्र सरळ पुढे निघून जायचं.

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा रोलेरॉन. मागच्या प्रत्येक पंखाच्या टोकाला बिजागरीवर बसवलेली झडप आणि तिच्यात खाचा पाडलेलं धातूचं चाक. वाऱ्याने चाक भन्नाट फिरतं. क्षेपणास्त्र अक्षाभोवती लोळू लागलं की जायरोच्या, म्हणजे फिरत्या भोवऱ्याच्या, नियमाने चाक आपोआप झडप ढकलतं आणि लोळणं मंदावतं. ना तार, ना इलेक्ट्रॉनिक्स.

२४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सेबर विमानांनी ते पहिल्यांदा लढाईत वापरलं. चिनी मिग-१७ सेबरपेक्षा उंच उडत आणि त्या उंचीवर निर्धास्त असत. परिस्थिती अगदी क्षेपणास्त्राला हवी तशी, आणि निकालही तसाच लागला. त्या चकमकींतलं एक न फुटलेलं साइडवाइंडर मिगमध्ये अडकून परत गेलं आणि त्यावरूनच त्याची सोव्हिएत नक्कल, के-१३, तयार झाली. व्हिएतनामच्या आभाळात मात्र ९बीचा हिशेब साधारण सहा डागली तर एक लागलं, असा राहिला.

अमेरिकन हवाई दलाचं उष्णतावेधी क्षेपणास्त्र फाल्कन एआयएम-४डी कागदावर सरस होतं, कारण त्याचा डिटेक्टर थंड केलेला, म्हणून जास्त संवेदनशील. पण डागण्याआधी तो गार व्हायला काही सेकंद थांबावं लागे आणि शीतकाचा साठा दोनेक मिनिटांतच संपे. त्यातून प्रॉक्सिमिटी फ्यूज नाही, म्हणजे प्रत्यक्ष धडक बसली तरच स्फोट. व्हिएतनाममधल्या एका अमेरिकन लढाऊ विमानदलाचे प्रमुख रॉबिन ओल्ड्स यांनी आपल्या फँटम विमानांवरून ती उतरवून पुन्हा साइडवाइंडर लावली. नौदलाने साइडवाइंडरच्या पुढच्या ९डी आवृत्तीमध्ये डिटेक्टर थंड केलाच, पण नायट्रोजनची बाटली क्षेपणास्त्राऐवजी लाँचरमध्ये ठेवली. त्यामुळे वैमानिकाला गारवा मिनिटांनी मोजत बसावं लागलं नाही.