लेझर कट ना?

रविवार, रात्री साडेअकरा

तीन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाही. घडलं तसं काहीच नाही. मी कागद कापून केलेल्या मोरापाशी एक बाई थांबल्या, चष्मा वर सरकवून चांगला वेळ बघत राहिल्या आणि कौतुकानेच म्हणाल्या, "किती सुरेख! लेझर कट ना?"

मी म्हटलं, "नाही, हाताने केलंय." त्या म्हणाल्या, "हो का!" तेवढ्यावर थांबायचं. पण मी फोन काढला आणि त्यांना व्हिडिओ दाखवत बसले. हा माझा हात, हे कटरचं पातं. लेझरने पांढऱ्या कागदाची कड जरा करपते, तपकिरी होते, इथे बघा, आहे का तसं? त्यांना घाई होती. मान डोलावून गेल्या. माझ्या तोंडाची चव गेली ती अजून आलेली नाही.

एकोणीस रात्री घातल्या या मोरात. आतली बारीक भोकं आधी, मोठी नंतर आणि बाहेरची कड अगदी शेवटी, नाहीतर कागद हातात लुळा पडतो. वळणावर हात वळवायचा नाही, कागद फिरवायचा. पातं जरा बोथट झालं की कागद कापला न जाता ओढला जातो, म्हणून नुसत्या पिसाऱ्याला नऊ पाती लागली. मानेवरून आक्का रोज ओरडते. आणि एवढं करून कोणी मशीनचं नाव घ्यावं? गुरुवारी रात्री रडलेच मी. नंदूला फोन लावणार होते. नाही लावला. ते जाऊ दे.

आज दुपारी पुन्हा तेच घोळवत बसले. लागलं काय नेमकं? त्या बाई वाईट काहीच बोलल्या नव्हत्या. त्यांना हात दिसला नाही, एवढंच. आणि तो दिसू नये म्हणून दोन वर्षं मीच तर धडपडतेय. कोपऱ्यात दोन काप मिळतात तिथे पात्याचं टोक केसभर पुढे जातं, बारीकशी चीर पडते. मी मागून डिंकाचं बोट लावून ती नखाने दाबून टाकते. मोराच्या गळ्याखाली अशा सात चिरा बुजवल्या आहेत. हाताची खूण आपणच पुसायची आणि ती कोणाला दिसली नाही म्हणून झुरायचं!

भाऊंच्या मखराला असं कोणी कधी विचारलं नाही. घोटीव कागदाच्या चार घड्या आणि आईची शिवणाची मोठी कात्री, बस्स. पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. आतली घडी थोडी सरकायची, मग महिरपीच्या एका बाजूची वेल दुसरीपेक्षा जाड यायची. पण सगळी आळी कापताना बघायला ओट्यावर बसलेली असायची. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि पुठ्ठ्याची कोरीव मखरं दुकानांत दिसायला लागली, तेव्हा भाऊ हवे होते असं फार वाटलं.

परीकथा लिहिणारा डेन्मार्कचा हान्स अँडरसन गोष्ट सांगता सांगता कागद कापत राहायचा आणि शेवटी घडी उलगडून दाखवायचा. तिथेही समोर माणसं होती. डेन्मार्कचाच आजचा पीटर कॅलेसन साध्या ए-फोर कागदातून आकृती कापून उभी करतो आणि ती जिथून निघाली ती रिकामी जागा तिच्याशेजारी तशीच ठेवतो. व्हिडिओ दाखवायची गरजच नाही.

पण मला सगळ्यात धीर येतो तो वृंदावनच्या सांझीचा. पितृपक्षात तिथल्या राधारमण मंदिरात सांझीची रांगोळी घालतात. कात्रीने कोरलेले कागदाचे साचे एकावर एक ठेवून त्यांतून रंगाची पूड चाळायची आणि साचा असा अलगद उचलायचा की कणही सांडू नये. ज्याने कागद कापला त्याचं काम बघणाऱ्यापुढे येतच नाही. दिसतो तो रंग, आणि तोही पुसला जातो. तरी पिढ्यानपिढ्या कोणीतरी ते साचे कापतंच आहे.

आणि शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. १९५६-५७च्या सुमारास डोळ्यांची शस्त्रक्रिया फसली, दृष्टी गेली, आणि त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रं केली. कडा बोटांनी वाचत असतील. मीही डोळे मिटून मोराच्या एका उरल्या तुकड्यावर बोट फिरवलं. वरून गुळगुळीत. मागून किंचित खरखरीत, जिथे पातं आरपार गेलं तिथे. हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

त्या बाई पुन्हा भेटल्या तर तो तुकडा त्यांच्या हातात देईन. नाही भेटल्या तर नाही. विचारणारे विचारतच राहणार.

भाऊंच्या महिरपीवरून नवीन कमान काढायला घेतली आहे. पहिल्याच पानाच्या कोपऱ्यात टोक पुढे गेलं. डिंकाची बाटली उघडली नाही.

आत्ताच आक्का पोह्यांच्या डब्यात सापडलेला एक कपटा तळहातावर घेऊन आली. मसुरीएवढा, पांढरा. "हा कुठला गं?"

तिसऱ्या ओळीतला, डावीकडून पाचवा डोळा. त्याच्या टोकाशी पातं घसरलं होतं.