डबी कुठल्या नंबरची?

काचेच्या कपाटातली, मी जोडून रंगवलेली छोटी विमानं बघून झाली की पाहुणा चहाचा कप खाली ठेवतो आणि विचारतो, "हा हिरवा कुठला हो? रंगाच्या डबीचा नंबर सांगा ना." कॉलेजातली पोरं तर मोबाईलवर नुसता फोटो पाठवतात, खाली एक प्रश्नचिन्ह. परवा तुम्हीही तेच विचारलंत, मिग-21 च्या हिरव्याबद्दल. उभ्या उभ्या उत्तर देता येईना, म्हणून लिहितोय.

काही विमानांचे नंबर खरंच सांगता येतात. हंटर घ्या. ब्रिटिश बनावटीचं विमान, आपल्या हवाई दलात 1957 पासून येऊ लागलं, आणि आलं ते तिकडच्याच रंगांत. वरच्या बाजूला गडद हिरवा आणि गडद समुद्री राखाडी. ब्रिटिश स्टँडर्ड 381सी या रंगांच्या प्रमाण यादीत त्यांचे क्रमांक 641 आणि 638, हम्ब्रॉल या मॉडेलच्या रंगांच्या डब्यांत 163 आणि 164. अमेरिकी विमानांच्या रंगांना फेडरल स्टँडर्ड 595 या यादीचे (2017 पासून तिचं नाव एएमएस-एसटीडी-595, क्रमांक तेच) पाच आकडी क्रमांक असतात. पहिला आकडा चमक सांगतो: 1 म्हणजे चकचकीत, 2 म्हणजे अर्धचमक, 3 म्हणजे मॅट. दुसरा आकडा रंगाचं कूळ सांगतो: 4 हिरव्यांचं, 5 निळ्यांचं, 6 राखाडींचं. म्हणजे 36 ने सुरू होणारा क्रमांक दिसला की मॅट राखाडी. ही खूण एकदा कळली की शेड कार्डसमोर गोंधळ होत नाही.

मिगची गोष्ट वेगळी. आपल्याकडे आली तेव्हा ती उघड्या धातूची, चांदीसारखी होती. 1971 च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या अनेकांवर तळावरच, घाईघाईनं, हाताशी होता तो रंग चढवला गेला. एका स्क्वाड्रनची रंगसंगती दुसरीशी जुळत नाही.

आमच्या साताऱ्याच्या सदर बझारात एक नाना राहतात. हवाई दलात फिटर होते. मी माझं पहिलं मिग त्यांच्यापुढे नेलं. किटच्या माहितीपत्रकात दिलेला हिरवा, एअरब्रशनं, म्हणजे छोट्या फवाऱ्यानं, एकसारखा मारलेला, कुठं डाग नाही. नानांनी ते उन्हाकडे धरून फिरवलं.

"चांगलं झालंय. पण असा एकसारखा कुठं होता रं? जिथं हात पोचला तिथं जाड, नाही पोचला तिथं पातळ. अन् डबा संपला की पुढचा डबा तसाच निघंल, असं कुठं होतं?"

"पण नाना, हिरवा तरी हाच होता ना?"

"कुठल्या विमानाचा म्हणतोस?"

या प्रश्नानं माझं काम बदललं. आता मी आधी विमान ठरवतो. मिग-21 नव्हे, अमुक क्रमांकाचं मिग-21, अमुक महिन्यातलं. मग त्याचा फोटो शोधतो, आणि डबी सगळ्यात शेवटी उघडतो. अशी ओढाताण फक्त आपल्याकडे झाली असंही नाही. ऑगस्ट 1941 मध्ये ब्रिटिशांनी आपल्या लढाऊ विमानांचा तपकिरी रंग काढून ओशन ग्रे हा राखाडी लावायचं ठरवलं. तो रंग पुरेसा मिळेपर्यंत तळांवर सात भाग मीडियम सी ग्रे या दुसऱ्या राखाडीमध्ये एक भाग काळा घालून काम भागवलं. हातानं ढवळलेला राखाडी प्रत्येक तळावर थोडा निराळा उतरणारच. त्या काळातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानासाठी ओशन ग्रेची तयार डबी घेतली तर ती चूक नव्हे, पण ते विमान कुठल्या आठवड्यातलं आहे हे आधी बघावं.

जुने फोटो मात्र जपून वाचा. ऑर्थोक्रोमॅटिक या जुन्या कृष्णधवल फिल्मला लाल दिसत नाही आणि पिवळाही काळपट उमटतो, निळा मात्र फिका पडतो. ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेभोवतीचं पिवळं कडं अशा फोटोत जवळजवळ काळं दिसतं. नुसत्या संग्रहालयातल्या विमानावरही मी विसंबत नाही. त्यावर नंतर किती हात मारले गेलेत, कोणास ठाऊक.

आणि मग अंतर. 1/72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तर पट लहान मॉडेल तुम्ही दोन फुटांवरून बघता, म्हणजे खरं विमान 144 फुटांवरून बघता. मधली हवा रंग खाते. पोवई नाक्यावरून अजिंक्यतारा बघा आणि मग किल्ल्यावर जाऊन तीच झाडी बघा. खालून निळसर राखाडी दिसलेला डोंगर वर गेल्यावर हिरवागार असतो. म्हणून लहान मॉडेलवर खऱ्या रंगात मी थोडा पांढरा मिसळतो. किती, याचे तक्ते लोकांनी केलेत. मी डोळ्यावर ठरवतो, कारण काळ्यात पांढरा टाकला की राखाडी होतो आणि लालात टाकला की गुलाबी. सगळ्यांना एकच माप लावलं तर विमान आजारी दिसतं.

उजेडाचं तर फार जपावं लागतं. दोन हिरवे दिवसा जुळे वाटतात आणि ट्यूबलाइटखाली सख्खे राहत नाहीत. मी उत्तरेच्या खिडकीत बसतो, तिथं ऊन सरळ येत नाही. (मे अखेरीस साताऱ्यात सूर्य दुपारी थोडा उत्तरेला कलतो, तेवढे दिवस पडदा ओढतो.) रंग थेट विमानावर कधीच नाही. आधी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर दोन हात, पूर्ण वाळू देतो, वर मॅट वार्निश, कारण वार्निशनंही रंग उजळतो. चमच्याच्या मागं न पुसणाऱ्या शाईनं मिश्रण लिहितो.

दुसऱ्या मिगसाठी असे पाच चमचे घेऊन मी नानांकडे गेलो. त्यांनी ते अंगणात नेले, चष्मा काढला आणि चौथा उचलला. मी तो बिघडलेला म्हणून फेकणार होतो, तपकिरी जास्त पडला होता. "हा. उन्हात उभं राहून राहून असा व्हायचा."

त्याच्या मागं लिहिलंय: हम्ब्रॉल 116 सहा थेंब, 29 दोन, पांढरा 34 एक. तुम्ही विचारलेला हिरवा हाच. कपाटात वरच्या फळीवर, डावीकडून तिसरं विमान. तुम्हाला दुसरं कुठलं करायचं असेल तर त्याच्या शेपटीवरचा क्रमांक कळवा, मग चमचे घेऊन बसू.