राखेचा बुधवार आणि जिमचा फलक

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की इथे इंग्लंडात जिमच्या फलकावर खडूने लिहिलेलं दिसतं: चाळीस दिवस साखर बंद, ईस्टरला पोट सपाट. खाली रकाने आखलेले. पहिल्यात नाव, दुसऱ्यात आजचं वजन, तिसऱ्यात ईस्टरचं वजन. वसई, वांद्रे, गोराईच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीत, वाढलेल्या माणसाला हे वाचून धक्का बसतो. नाव लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या चाळीस दिवसांच्या आधी काय आणि नंतर काय, हेही ठाऊक नसतं. प्रायश्चित्तकाळातलं प्रायश्चित्त गेलं आणि काळ तेवढा उरला.

वजन कमी करण्यात वाईट काहीच नाही. पण बायबलमध्ये मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे तू उपाशी आहेस हे लोकांना दिसणार नाही. फलकावरचा वजनाचा रकाना याच्या नेमका उलटा आहे. दुसरी खूण बायबलमधल्याच यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात सापडते: देवाला आवडणारा उपवास म्हणजे आपली भाकरी भुकेल्याला वाटून देणं. मग विचारायचं एवढंच, की आपण जे खाल्लं नाही ते गेलं कुठे? डाएटमध्ये ते कमरेवरून जातं. उपवासात ते दुसऱ्याच्या ताटात जायला हवं. जिममधल्या त्या चाळीस दिवसांत वाचलेल्या चॉकलेटचे पैसे प्रोटीन बारवर जातात, आणि तो बार चॉकलेटपेक्षा महाग असतो.

आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे आहोत? एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण हिंदू घरातली असली तरी आपल्या शुक्रवारालाही लागू पडते. मटण नाही म्हणून भरलं पापलेट, वर कोळंबीचं सुकं आणि सोबत तांदळाची भाकरी! नियमाला धक्का लागत नाही, त्यागही होत नाही. तरी घरी एक गोष्ट होती. शुक्रवारी आईच मटण आणत नसे. नियम स्वयंपाकघर पाळत होतं, आपण फक्त जेवत होतो. इथे फ्रिज उघडणारा हात आपलाच, त्यामुळे नियम नीट माहीत असावा लागतो.

कॅथलिकांसाठी नियम 1983 च्या धर्मसंहितेत आहे. मांसत्याग 14 वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि पुढे त्याला वयाची मर्यादा नाही. उपवास 18 पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकच पूर्ण जेवण, शिवाय सकाळ-संध्याकाळ थोडंसं. ते दोन थोडे मिळून एका जेवणाइतके होऊ नयेत, असा साधा हिशेब बहुतेक ठिकाणी सांगतात. इंग्लंड आणि वेल्सच्या बिशपांनी सप्टेंबर 2011 पासून वर्षातल्या सगळ्या शुक्रवारी मांसत्याग पुन्हा सुरू केला. म्हणजे इथला नियम फक्त ईस्टरपर्यंतचा नाही. आजारी माणूस आणि गरोदर बाई यांच्यावर उपवासाची सक्ती नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम खाली जाते, आणि कधी कधी तीही व्यायाम संपल्यावर, घरी पोहोचताना.

त्या दोन दिवसांत व्यायाम कसा बसवायचा, हे इथे आलेली आपली मुलं नेहमी विचारतात. रात्रभराच्या झोपेनंतर यकृतातला साखरेचा साठा बराच उतरलेला असतो. स्नायूंतला साठा त्या मानाने टिकून असतो, म्हणून चालणं, हलकी सायकल, सांध्यांची हालचाल सहज जमते. जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) किंवा धापा टाकायला लावणारे स्प्रिंट त्या दिवशी नकोत. वजन खाली ठेवून झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते ती अशाच दिवशी. सकाळी दोन पळ्या पेज आणि चिमूटभर मीठ. दुपारी पूर्ण जेवण: भात, मसुराची आमटी, भाजी, दोन अंडी. संध्याकाळच्या उपासनेआधी एक टोस्ट किंवा केळं. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी. चाळीस मिनिटं चाला, जमलं तर चर्चपर्यंत.

बहुतेकांचं गणित चहापाशी चुकतं. त्यागाच्या भरात बुधवारी सकाळीच चहाही बंद करतात. चहा-कॉफी अचानक सोडली की 12 ते 24 तासांत डोकं धरतं, आणि माणसाला वाटतं उपवास सोसला नाही. चहा सोडायचाच असेल तर आधीच्या आठवड्यापासून रोज अर्धा कप कमी करत या. दुसरी चूक रात्रीची. दिवसभर सांभाळलेलं रात्री नऊला तळलेल्या माशाच्या आणि बटाट्याच्या पुड्यात जातं. शुक्रवारी मासा खायची इथली जुनी रीत चर्चमधूनच आली, पण पिठात बुडवून तळलेला तो भलामोठा तुकडा आणि चिप्स म्हणजे दोन जेवणांचा ऐवज. गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी पायांचा जड व्यायामही लावू नका. शनिवार हलका जाऊ द्या.

साध्या शुक्रवारचा प्रश्न वेगळा. तिथे उपवास नाही, फक्त मांस नाही, आणि जिमवाल्यांना लगेच प्रथिनांची धास्ती पडते. नियमित वजनं उचलणाऱ्याने शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं धरावीत, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 96 ग्रॅम. तीन अंड्यांतून 18, घट्ट ग्रीक दह्याच्या 200 ग्रॅममधून 19 च्या आसपास, 60 ग्रॅम कोरड्या मसुरातून 14, सार्डिनच्या एका डब्यातून 20, आणि व्हेचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा, डब्यातला एक मोठा स्कूप घेतलात तर 23. झाले की 94! कोंबडीवाचून स्नायू झडतात ही भीती खुशाल सोडा.

आणि आपला बोंबील! सुक्या बोंबलाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 60 ग्रॅम प्रथिनं असतात. प्लास्टिकच्या बरणीतली पावडर हलवणाऱ्या इथल्या पोरांना हे सांगितलं की ती आकड्याकडे बघत राहतात. उत्तन-वर्सोव्याच्या वलांडीवर (वाळवणीच्या बांबूंवर) वाळणाऱ्या या माशाची आयात युरोपीय आयोगाने 1997 मध्ये बंद केली होती. उघड्यावर वाळवलेला, मान्यताप्राप्त कारखान्यातून न आलेला, ही हरकत. इथल्या खवय्यांनी मोहीम चालवली. शेवटी उघड्यावर वाळवायला हरकत नाही, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणीच, अशी तोड निघाली. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो तव्यावर भाजू नका, धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत खाली उतरते. दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवा, पाणी फेका, कांदा, टोमॅटो आणि बॉटल मसाल्यात (आपल्या ईस्ट इंडियन घरांतला बाटलीत भरून ठेवायचा मसाला) झाकण ठेवून शिजवा. वासाचं काही करता येत नाही. एक्झॉस्ट लावा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र सलते. रमजानचा रोजा म्हणजे काय हे इथल्या माणसाला कळतं. सहकारी रोजा धरून असला तर त्याच्यासमोर खायला लोक बिचकतात, आणि ते योग्यच आहे. तुम्ही म्हणालात, आज राखेचा बुधवार, उपवास आहे, तर लगेच विचारतात, किती किलो उतरवायचे? ज्या देशात गावोगावी चर्चचा मनोरा दिसतो त्या देशात हे ऐकावं लागतं. मुंबईत ख्रिस्ती मूठभर, पण ऑफिसातल्या कुलकर्णी-शिंद्यांनाही माहीत असतं की याचा शुक्रवार आहे, याला मटणाचा डबा पुढे करू नका. ज्याचा स्वतःचा चतुर्थी-सोमवार असतो त्याला दुसऱ्याचा शुक्रवार समजावून सांगावा लागत नाही.

व्यायामशाळेचंही तसंच. गिरगाव-लालबागच्या व्यायामशाळेत भिंतीवर मारुतीचा फोटो, समोर उदबत्ती, आत शिरताना चपला बाहेर, खंडेनवमीला डंबेल्सना हळदकुंकू. आपली मुलं आरतीला मागे उभी राहतात, हात जोडायचे की नाही हे ज्याचं तो ठरवतो, आणि कोणी जाब विचारत नाही. पण शरीराचा आणि देवाचा काही संबंध आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना मान्य असतं. पौलाने करिंथकरांना लिहिलं की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, ते वाक्य त्या मारुतीसमोर जास्त सहज पटतं. इथल्या भिंतीवर आरसा असतो.

आता गळ्यातल्या क्रूसाविषयी. दागिने काढून ठेवा, असा नियम इथे बऱ्याच ठिकाणी असतो आणि आपल्या बायकांना तो लागतो, कारण काळ्या मण्यांचं आणि क्रूसाच्या पदकाचं मंगळसूत्र म्हणजे त्यांच्यासाठी लग्न आणि श्रद्धा एकत्र. शिवाय ते पाहून प्रश्न येतो, तुम्ही धर्म कधी बदललात? उत्तर तयार ठेवा: वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मेले आणि 1862 मध्ये संत जाहीर झाले. एवढ्यावर बहुतेक वेळा विषय संपतो.

नियमावर मात्र रुसू नका. 2013 च्या जानेवारीत स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनमधल्या दोन बायकांच्या क्रूसांवर एकाच दिवशी निकाल दिला. विमान कंपनीच्या काउंटरवर काम करणाऱ्या नादिया एवेडा जिंकल्या, कारण त्यांच्या छोट्या क्रूसाने कोणाच्या हिताला बाधा येत असल्याचं दिसलं नाही. परिचारिका शर्ली चॅप्लिन हरल्या, कारण वॉर्डात रुग्ण साखळी ओढू शकतो. जिमचं प्रकरण वॉर्डासारखंच आहे. फ्रंट स्क्वॉटमध्ये (वजन पुढे धरून मारलेल्या बैठकीत) बार, म्हणजे वजनाची दांडी, गळ्याच्या हाडाजवळ टेकतो आणि साखळी मध्ये चिरडते. बॅक स्क्वॉटमध्ये, म्हणजे वजन पाठीवर घेतलं की, ती मानेच्या मणक्यावर रुतते. लॅट पुलडाउनचा (वरून खाली ओढायच्या यंत्राचा) दांडा छातीशी आणताना पदक अडकतं. मंगळसूत्र तुटलं तर मणी रबरी फरशीवर पसरतात, त्यावरून दुसऱ्याचा पाय घसरतो. फुटबॉलमध्ये तर कायदाच सांगतो, दागिना काढायचा, वर टेप चिकटवलेली चालत नाही. चेनवाली छोटी कापडी पिशवी ठेवा, मंगळसूत्र त्यात, पिशवी लॉकरमध्ये. पोहताना सोनंही बाहेर ठेवा, क्लोरीन मिश्रधातूला खातं.

रोझरीचंही, म्हणजे जपमाळेचंही, तेच. ट्रेडमिलवर माळ हातात धरू नका, सुटली की पट्ट्याखाली जाते. दहा उंचवट्यांची आणि एका क्रूसाची बोटातली अंगठी मिळते, ती चालताना सोयीची. रोझरीची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच संच, वीसेक मिनिटांच्या चालण्यात होतात. बार धरण्याआधी तीही काढा. धातूची अंगठी आणि बारची खरखर यांच्यामध्ये कातडी सोलते.

राहिला रविवार. इथल्या शर्यती बहुतेक रविवारी सकाळी असतात. मुंबईत माहीमची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकली तर दादरच्या पोर्तुगीज चर्चची मिळते. इथे एका फादरकडे दोन-तीन चर्च असतात आणि रविवारी एखादीच मिस्सा. एरिक लिडेलचं नाव इथे सगळे घेतात. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या पात्रता फेऱ्या रविवारी म्हणून तो धावला नाही, आणि 400 मीटर 47.6 सेकंदांत जिंकला. पण वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं आणि त्याने तेवढे महिने 400 मीटरची तयारी केली, हे कोणी सांगत नाही. शर्यतीची नोंदणी करण्याआधी पॅरिशचं वेळापत्रक उघडा. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने कॅथलिकाचं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. प्रोटेस्टंट मंडळीत सहसा ही सोय नसते, तिथे शर्यत किंवा उपासना असंच निवडावं लागतं.

शर्यतीनंतर थेट मिस्सेला जाणार असाल तर कम्युनियनच्या (मिस्सेतल्या पवित्र भाकरीच्या) आधी एक तास खाणंपिणं बंद. फक्त साधं पाणी आणि औषध चालतं, एनर्जी जेल आणि व्हे चालत नाही. तास कम्युनियनपासून मागे मोजायचा. अकराच्या मिस्सेत कम्युनियन अकरा-चाळीसच्या सुमारास येतं, म्हणून व्हेचा शेवटचा घोट साडेदहाला उरका. कपडे बदला, घामाच्या बनियनवर थंड चर्चमध्ये बसलात तर पोटऱ्या आखडतात आणि गुडघे टेकताना गोळा येतो.

इथल्या पॅरिशमध्ये चर्चच्या दाराशी अन्नपेढीची, गरजूंना अन्न देण्यासाठीची, टोपली असते. तिच्यात पास्ता आणि बीन्स भरपूर येतात, प्रथिनांचं सामान कमी. शुक्रवारसाठी सार्डिन घ्याल तेव्हा दोन डबे घ्या, एक त्या टोपलीसाठी. तारीख लांबची बघा, किल्लीवाला नको, ओढून उघडणारा बघा, कारण ओपनर प्रत्येकाकडे असतोच असं नाही.