आमची वाटचाल : औषध झाल्यावरची वाळवी

आमचा धंदा मुळात सुतारकामाचा. दारा-खिडक्यांच्या चौकटी, भिंतीतली कपाटं, जिने ही कामं करत होतो, अजूनही करतो. वाळवीच्या कामात आम्ही आपणहून शिरलो नाही, गिऱ्हाइकांनी ओढून नेलं. फोन बहुतेक एकाच सुरात यायचा : "पेस्ट कंट्रोल झालंय, आता फक्त चौकट बदलून द्या." जाऊन बघावं तर चौकटीत स्क्रूड्रायव्हर सहज घुसतो, आत जिवंत वाळवीची पळापळ सुरू होते, आणि खोलीत औषधाचा वास अजून असतो.

अशा वेळी सुताराचा फायदा सरळ आहे. माप घ्या, आगाऊ रक्कम घ्या, नवं लाकूड ठोका. आम्ही तिथे "आत्ता नाही" म्हणायला लागलो आणि धंद्याने वेगळी वाट धरली. आत वावर चालू असताना बसवलेली नवी चौकट म्हणजे वाळवीला वाढलेलं ताट.

पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच : औषध तर झालं, आता करायचं काय? त्याचं उत्तर देण्यासाठी आम्हाला रंधा बाजूला ठेवून बरंच शिकावं लागलं.

पहिली गोष्ट, घरात नक्की कोण आहे? जमिनीतून येणाऱ्या वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्यावर ते लगेच सुकतं, म्हणून ती मातीच्या नळ्या बांधून त्यातून ये-जा करते. कोरड्या लाकडातली वाळवी वेगळी. तिला मातीची गरज नसते, वसाहत लाकडातच असते, आणि बारीक भोकातून सहा कडांचे सुटे, कोरडे दाणे खाली पडतात. अगदी बारीक पूड पडत असेल तर ती वाळवी नसून लाकडातला भुंगेरा असण्याची शक्यता जास्त. कोरड्या लाकडातल्या वाळवीसाठी फरशीला भोकं पाडून जमिनीत औषध सोडलेली घरं आम्ही पाहिली आहेत. कामगारांनी मेहनत केली होती, पण औषध वाळवीपर्यंत पोचायचा मार्गच नव्हता. अशा ठिकाणी थेट लाकडात औषध सोडावं लागतं, फार पसरलं असेल तर घर बंद करून वायूची धुरी किंवा उष्णता द्यावी लागते. धुरीचा असर मागे उरत नाही, नवी वाळवी पुन्हा शिरू शकते, हेही आधी सांगायला हवं.

जमिनीतल्या वाळवीवरचं काम फसतं ते बहुधा सलगपणा नसल्यामुळे. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर साधारण ३० सेंटिमीटरवर भोकं पाडून खालच्या मातीत औषध भरायचं असतं. प्रत्यक्षात बसवलेल्या कपाटामागची, ओट्याखालची, न्हाणीघराजवळची भोकं गाळली जातात, किंवा ड्रिल फरशीखालच्या काँक्रीटमध्येच थांबतं आणि औषध मातीत पोचत नाही. वाळवीला एक मिलिमीटरची फटही पुरते.

त्यात औषधांचे दोन स्वभाव. पायरेथ्रॉइड गटातली बरीच औषधं वाळवीला दूर सारतात. ती मरते कमी, वळसा जास्त घालते, आणि गाळलेली जागा शोधून काढते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांची चाहूल तिला लागत नाही. ती त्यातून चालत जाते, एकमेकींना भरवताना-चाटताना ते पुढेही देते. अशा कामाचा परिणाम सावकाश दिसतो. आमिषाच्या पेट्यांना, म्हणजे वाळवीने खावं म्हणून औषध घातलेलं खाद्य ठेवतात त्या पेट्यांना, तर काही महिने लागतात, कारण त्यातलं औषध वाळवीला कात टाकू देत नाही, लगेच मारत नाही. गिऱ्हाइकाला मात्र तासाभरात मेलेल्या वाळवीचा सडा बघायचा असतो, आणि वरवरची फवारणी तो सडा नक्की दाखवते.

"पूर्वीचं औषध जालीम होतं, एकदा मारलं की पिढीभर चिंता नाही," असं वयस्कर मंडळी सांगतात. खरं आहे. क्लोरडेन, आल्ड्रिन ही औषधं मातीत वर्षानुवर्षं टिकायची, तशीच ती माणसांच्या आणि जनावरांच्या चरबीतही साठायची. अमेरिकेत क्लोरडेनची विक्री १९८८ मध्ये बंद झाली, आणि टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्याच यादीत ही दोन्ही आली. तो जालीमपणा परत मागू नये.

या सगळ्यापेक्षा आम्हाला जास्त शिकवलं ते पाण्याने. जमिनीतल्या वाळवीपैकीच कॉप्टोटर्मिस नावाच्या प्रजातीची वाळवी भिंतीच्या पोकळीत, ओल मिळत असेल तर, चावलेलं लाकूड, माती आणि विष्ठेचं घरटं बांधते. ओल टिकली तर तिला जमिनीपर्यंत जायची गरजच उरत नाही. मग घर वरच्या मजल्यावर असेल तर तळमजल्याची माती औषधाने कितीही भिजवा, उपयोग नाही. गिलाव्याआडचा झिरपणारा नळ, न्हाणीघराची उसवलेली सांधभरणी, गच्चीवरून उतरणारी ओल, इथे खरा धागा सापडतो. म्हणून सुतारकामाचं नवं यंत्र पुढे ढकलून आम्ही आधी ओलावा मोजायचं मीटर घेतलं. घरातल्या लाकडात २० टक्क्यांवर आकडा गेला की आम्ही प्लंबरला बोलवायला सांगतो. आधी गळती, मग औषध, मग थांबणं, आणि सगळ्यात शेवटी सुतार, हा क्रम आम्ही मोडत नाही.

थांबण्याच्या या काळात काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत. आम्ही वाळवीच्या मातीच्या नळीचा छोटा तुकडा मोडतो, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहितो. काही दिवसांत तुकडा पुन्हा बांधला गेला तर वावर चालू आहे, यात वाद नाही. बांधला गेला नाही तर मात्र तेवढ्यावर निर्धास्त होत नाही, दुसऱ्या जागा बघतो, कारण वाळवी वाट बदलते.

औषध आम्ही स्वतः मारत नाही, आणि पुढेही मारायचा विचार नाही. वाळवी थांबली की नाही हे सांगणारा आणि औषधाचे पैसे घेणारा एकच असला की उत्तर ठरलेलं असतं. आता हाच नियम आम्हालाही लागतो, कारण चौकट बदलण्यात आमची कमाई आहे. म्हणून तपासणीची फी वेगळी, अहवाल फोटोंसह तुमच्या हातात, सुतारकाम वाटेल त्याच्याकडून करून घ्या. त्या अहवालावरून आधीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याला नेमकं विचारता येतं : कोणतं औषध, किती पातळ केलं, किती लिटर गेलं, कुठल्या जागा सुटल्या. हमीचा कागदही तेव्हाच वाचा. बऱ्याचदा त्यात पुन्हा फवारणीचं वचन असतं, खाल्लेल्या लाकडाच्या भरपाईचं नसतं.

लाकडाबद्दल थोडं. पोकळ वाजलं म्हणून अख्खी चौकट काढत नाही, टोचून टोचून घट्ट लाकूड लागेपर्यंत जातो आणि तिथून जोड देतो. इपॉक्सी (कडक होणारी राळ) भरतो ते फक्त भार नसलेल्या भागात. तुळई किंवा वासे खाल्लेले असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय हात लावत नाही. "सागवान आहे, काही होत नाही" हे अर्धंच खरं, कारण सागाचा गाभा टिकतो, बाहेरचं पांढरं लाकूड वाळवी खाते. नव्या तुकड्यांच्या कापलेल्या टोकांना रंगाआधी बोरेटचा (लाकूड वाळवीपासून वाचवणाऱ्या क्षाराचा) हात देतो, पण ते पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त कोरड्या जागी. कपाटामागची एक फळी स्क्रूवर ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी मागची भिंत बघायला तोडफोड नको.

तपासणीची वेळ ठरवली असेल तर आम्ही येईपर्यंत नळ्या पुसू नका, डब्यातला स्प्रे मारू नका, गळलेले पंख किंवा पडलेले दाणे कागदात गुंडाळून ठेवा. स्विचबोर्डात ओली माती दिसत असेल तर त्या सर्किटचा वीजपुरवठा बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.