मोड

भाचीच्या लग्नात गौरीहराला अन्नपूर्णा हवी, म्हणून परवा दुपारी भांडी बाजारात गेले. मापाला घरची अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली होती. दुकानदाराने ती तळहातावर घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ताई, ही मोडीत द्यायची का?"

मोडीत पातेलं द्यावं, चेपलेला तांब्या द्यावा. पण त्याचं तरी काय चुकलं? त्याच्याकडे देव वजनावरच जातात. त्याच्यामागे फळीवर हातभर उंचीचा नटराज उभा होता. मूर्ती दिसली की हात मोजायची मला खोडच आहे. मागच्या उजव्या हातात डमरू, डाव्यात अग्नी, पुढचा उजवा अभयाचा, डावा उचललेल्या पायाकडे वळलेला, पायाखाली अपस्मार. निर्मिती, संहार, अज्ञान, सगळं जिथल्या तिथे. बोटांची नखंसुद्धा दिसत होती.

आमच्या देवघरात असं काहीच शिल्लक नाही. बाळकृष्णाची मूठ आणि लोण्याचा गोळा एक झालेत. गणपतीचा पाश कुठला नि परशू कुठला ते त्यालाच ठाऊक. अन्नपूर्णेच्या मांडीवरची पळी म्हणजे आता एक आडवी रेघ, आणि नाक तर माझ्या आठवणीत तिला कधी नव्हतंच.

याला जबाबदार आम्हीच. सण आला की आजी वाड्याच्या चौकात परात घेऊन बसायची. परातीत चिंचेचा कोळ, हातात नारळाची शेंडी, आणि आम्ही पोरं भोवती. गरुडघंटा कुणी घासायची यावर हमखास मारामारी, कारण घासता घासता ती वाजवता यायची. माझ्या वाट्याला बाळकृष्ण. तांब्याचा गुलाबी रंग वर येईपर्यंत मी त्याला घासायची. पितळेत तांबं असतं आणि चिंच जस्त आधी खाते, हे तेव्हा कुणाला माहीत! आम्हाला वाटायचं, देव लाजला.

टाकांना मात्र हात लावायचा नाही. खंडोबा आणि सप्तशृंगी आजी स्वतः करंगळीने पुसायची. सप्तशृंगीला अठरा हात, आणि टाक अंगठ्याच्या नखाएवढा. मी डोळ्याला लावून मोजायची. अकरा भरायचे, कधी तेरा. "आजी, सोनाराने फसवलं तुला." ती म्हणायची, "गडावर जाऊन मोज."

पुढे गडावर गेलेही, पण तिथे मोजणार काय, शेंदराखाली बोटं कळेनात. 2022 साली तो थर उतरवला तेव्हा हजार किलोहून जास्त शेंदूर निघाला म्हणे. म्हणजे गडावरची देवी वर्षानुवर्षं लेपाखाली भरत गेली आणि आमच्या देवघरातले देव परातीत झिजत गेले. यात काहीतरी अर्थ असणार, दुकानात उभं असताना तो सुचलाही होता. तेवढ्यात दुकानदाराने न विचारताच अन्नपूर्णा काट्यावर ठेवली.

"एकशे साठ ग्रॅम. जुनं पितळ आहे ताई, चांगलं."

आजी सांगायची, तिच्या सासूने आणली तेव्हा पुरी पावशेर होती. पावशेर म्हणजे दोनशे तीस ग्रॅमच्या आसपास. मग बाकीची सत्तर ग्रॅम अन्नपूर्णा गेली कुठे? परातीतलं पाणी आजी तुळशीत ओतायची नाही, आंबट सोसत नाही म्हणून. ते चौकातल्या मोरीत जायचं. पुढे वाडा पडला, आता तिथे पार्किंग आहे.

मी अन्नपूर्णा परत रुमालात गुंडाळली. तेवढ्यात भाचीचा फोन. "मावशी, पितळेची नको हं, चांदीची बघ. घासत कोण बसणार?"

चांदीही काळी पडते, हे मी तिला सांगितलं नाही.