मी तिथे नव्हते

"तू होतीस का तिथे?" या धाकटीच्या प्रश्नाला मी काल रात्री "नाही" एवढेच उत्तर दिले, आणि तेव्हापासून मनाला जी रुखरुख लागली आहे ती आज दिवसभर गेली नाही. प्रश्न साधा होता. मी डोळे मिटून 'द हू' या इंग्लिश रॉक बँडची इंग्लंडमधल्या लीड्स शहरातली मैफल ऐकत होते, आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला होता, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून आई कसल्यातरी आठवणीत हरवली आहे असे तिला वाटले असावे. ती मैफल झाली 14 फेब्रुवारी 1970 रोजी, लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात, विद्यार्थ्यांच्या गर्दीत. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरीसुद्धा "नाही" म्हणताना मला आवंढा गिळावा लागला.

सवाई गंधर्व महोत्सवातल्या ज्या रात्री हुकल्या त्यांची हळहळ मला समजते, कारण तिथे जाता आले असते. परीक्षा होती, पैसे नव्हते, ह्यांची बदली झाली होती, काहीतरी कारण होते. जिथे पोहोचणे कोणत्याही मार्गाने शक्य नव्हते, तिथे आपण नव्हतो याचे दुःख माणसाने का करावे, हे मात्र मला काल रात्री झोप लागेपर्यंत कळले नाही आणि आजही पुरते कळलेले नाही.

आज दुपारी घरात कोणी नसताना 'यंग मॅन ब्ल्यूज' पुन्हा लावले. हे गाणे मूळचे अमेरिकन जॅझ गायक मोझ ॲलिसनचे, पियानोवर बसून अगदी संथपणे, जवळजवळ बोलल्यासारखे म्हटलेले. लीड्सला बँडचा गायक रॉजर डॅल्ट्री त्याची एक ओळ एकटाच म्हणतो, मागे काहीही वाजत नाही, आणि ती संपताक्षणी गिटार, बास आणि ड्रम एकदम अंगावर कोसळतात, तितक्याच अचानक थांबतात, आणि त्या थांबण्यात पुढची ओळ येते. त्या मधल्या रिकाम्या क्षणांनीच माझ्या छातीत धडधडायला लागते. नुसत्या मोठ्या आवाजाची सवय कानाला दोन मिनिटांत होते. इथे ती होऊच दिली जात नाही.

ड्रमने ताल धरावा, बासने त्याला आधार द्यावा आणि गिटारने त्यावर मोकळे फिरावे, अशी बहुतेक बँडमधली व्यवस्था असते. या चौघांत ती उलटी आहे. ड्रम वाजवणारा कीथ मून ताल धरून बसतच नाही. तो सतत डॅल्ट्रीच्या ओळींच्या मागे, पुढे, मधे धावत असतो, झांजांचा नुसता पाऊस पाडतो. जॉन एंटविसलचा बास आधार द्यायचा सोडून स्वतःच गाऊ लागतो, आणि गाडे रुळावर ठेवण्याचे काम पीट टाउनशेंडच्या गिटारवर येऊन पडते. कोणीही कोणासाठी जागा सोडत नाही, प्रत्येक जण सगळी जागा आपलीच असल्यासारखा वाजवतो, आणि तरी समेवर चौघे एकत्र येतात. हा विश्वास कुठून येतो? पाच वर्षांहून अधिक काळ रात्रीमागून रात्री एकत्र वाजवून, भांडून, पुन्हा वाजवून आलेला तो असणार. मला ज्याची ओढ वाटते ते हेच आहे, आणि ते समोर उभे राहून पाहायला मी नव्हते.

माझ्या वाट्याला सारे उशिरा आणि दुसऱ्याच्या हातून आले, असा विचार दुपारी बराच वेळ डोक्यात घोळत राहिला. ही मैफलसुद्धा आप्पांच्या कॅसेटवरून आली, आणि तीही त्यांनी कोणाकडून तरी भरून घेतलेली होती. दादरच्या घराबद्दल आज लिहायचे नाही.

संध्याकाळी भाजी निवडताना मात्र वेगळेच सुचले. लीड्सच्या आधी, 1969 साली, या बँडने अमेरिकेच्या दौऱ्यातल्या अनेक मैफली ध्वनिमुद्रित केल्या होत्या. इतक्या फिती ऐकत बसण्यापेक्षा त्या जाळून टाकायला आपण सांगितले, असे टाउनशेंडने पुढे सांगितलेले आहे. त्या रात्रीही अशाच पेटलेल्या असणार. त्यांची मला कधी रुखरुख लागली नाही, कारण मी त्यांतले काही ऐकलेलेच नाही. म्हणजे माझे हे दुःख हुकल्याचे नसावे. लीड्सची ती रात्र मला इतक्या जवळून माहीत आहे, 'माय जनरेशन' लांबत लांबत पंधरा मिनिटांच्या आसपास जाताना टाउनशेंड एक सूर टाकून तो भिंतीवरून परत येण्याची वाट कशी पाहतो हेसुद्धा मला माहीत आहे, म्हणूनच तिची रुखरुख लागते. हे ध्यानात आल्यावर मन पुष्कळ निवले.

1970 साली जी तबकडी निघाली तिचे वेष्टन साध्या तपकिरी कागदासारखे होते, त्यावर रबरी शिक्का मारल्यासारखे नाव, आणि आत सहाच गाणी. करकर तशीच असू द्या, दुरुस्त करू नका, अशी सूचना खुद्द तबकडीच्या लेबलवर होती. ही सूचना मला फार आवडते. ज्यांनी ती तबकडी तेव्हा विकत घेतली, त्यांनाही मैफलीचा एक तुकडाच मिळाला होता. पुढे 1995 आणि 2001 साली बाकीची गाणी बाहेर आली, आणि मला जवळजवळ सगळी रात्र ऐकायला मिळते. 2006 साली टाउनशेंड आणि डॅल्ट्री त्याच भोजनगृहात पुन्हा वाजवायला गेले, तेव्हा मूनला जाऊन अठ्ठावीस वर्षे होत आली होती आणि एंटविसल 2002 मध्ये गेलेला होता. 1970 ची ती रात्र टाउनशेंड आणि डॅल्ट्री यांनाही परत मिळण्यासारखी नव्हती.

लीड्सच्या दुसऱ्याच दिवशी हल या इंग्लंडमधल्याच शहराच्या सभागृहातही ध्वनिमुद्रण झाले होते, पण तिथल्या पहिल्या काही गाण्यांत एंटविसलचा बास फितीवर उतरलाच नाही, आणि मग तबकडीसाठी लीड्सच राहिले. हे वाचल्यापासून मी लीड्स ऐकताना बासकडेच कान लावते. 'शेकिन ऑल ओव्हर'मध्ये तो गिटारखालून वर येऊन पुन्हा खाली नेमका कुठे जातो, ती जागा मला अजून पकडता आलेली नाही. उद्या हे आणि मुली बाहेर पडल्या की सकाळची कामे बाजूला ठेवून तेवढा भाग मोठ्या आवाजात, पुन्हा पुन्हा लावून ऐकणार आहे.